सदतीस अंशांचा इन्क्युबेटर

माझ्या पीएचडीचा विषय काय, असं कुणी विचारलं की मी आधी त्या माणसाकडे किती वेळ आहे ते बघायचे. लग्नाच्या पंगतीत, बसस्टँडवर, दातांच्या डॉक्टरकडे, कुठेही हा प्रश्न यायचा आणि मी खरं ते सांगायचे: जिवाणू एकाचे दोन होताना मधोमध कसा चिमटला जातो, ते मी बघते. समोरचा माणूस जरा थांबायचा आणि मग विचारायचा, "त्यानं शुगर कमी होते का?" होत नाही म्हटलं की त्याला दुसरं काहीतरी आठवायचं. माझ्या सख्ख्या मावशीने तर अख्ख्या नात्यात सांगून ठेवलं होतं की पोरगी जंतू पाळते.

खरं म्हणजे विषय तसा सोपा आहे. पूर्वी पुस्तकांत लिहिलेलं असायचं की जिवाणू म्हणजे एक पिशवी. आत सगळा रस्सा, सांगाडा वगैरे काही नाही. सांगाड्याची प्रथिनं फक्त आपल्यासारख्या थोर प्राण्यांच्या पेशींत. मग कुणीतरी नीट पाहिलं, तर त्या पिशवीत बरंच सामान निघालं. एमआरईबी नावाचं प्रथिन जिवाणूला कांडीसारखा लांबट आकार राखायला मदत करतं. एफटीएसझेड नावाचं प्रथिन पेशीच्या बरोबर मध्यावर कडं करून बसतं, आणि त्या कड्याच्या जागी नवी भिंत बांधली जाते, पेशी आवळत जाते, एकाचे दोन होतात. हे कडं स्वतः आवळतं की नुसतं उभं राहून भिंत बांधणाऱ्यांना जागा दाखवतं, यावर मोठमोठ्या लोकांची भांडणं आहेत. आमच्या कॉलेजच्या इमारतीचं बांधकाम ज्यांनी पाहिलंय, त्यांना या भांडणात नवीन काही वाटणार नाही.

कडं भलत्या जागी बसू नये म्हणून आणखी काही प्रथिनं असतात, त्यांना मिन म्हणतात. ती पेशीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी येरझारा घालतात. टोकाजवळ कडं बसू बघतं, तिथून ती त्याला हुसकावतात. दुसऱ्या टोकाला गेलं तर तिथूनही. शेवटी कडं बिचारं मध्यावर बसतं. विद्यापीठाच्या कार्यालयात एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवल्या गेलेल्या कुठल्याही माणसाला ही यंत्रणा एका दमात समजेल.

आणि कडं बसलंच नाही तर? तर जिवाणू वाढत राहतो, पण तुटत नाही. लांब, लांब, शेवयांसारखा होतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं काय प्रगती आहे! प्रत्यक्षात आत सगळं अडकलेलं असतं. माझी पीएचडी तेव्हा साधारण याच अवस्थेत होती.

चंद्रपूरच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवायचे. तासिका तत्त्व म्हणजे माणूस पूर्ण, पण नेमणूक तासापुरती. दुपारी पॅसेंजर मिळाली तर पॅसेंजरने, नाहीतर स्कूटीवर बल्लारपूरला दुसऱ्या कॉलेजात जायचे, तिथेही तेच तत्त्व. पीएचडीच्या नोंदणीला एकदा मुदतवाढ मिळालेली होती आणि ती डिसेंबरअखेर संपणार होती. तोवर प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द, आणि पीएचडी नाही तर कायम जागेच्या मुलाखतीला कुणी दारातही उभं करत नाही. वय माझं चाळिशीच्या उंबरठ्यावर. एवढं सगळं त्या कड्यावर टांगलेलं होतं, जे मी स्वतः कधी पाहिलं नव्हतं, कारण कडं दिसायला लागणारा सूक्ष्मदर्शक नागपूरला होता. आमच्याकडे होता तो साधा, ज्यात जिवाणू दिसायचे आणि कधी कधी माझ्याच पापण्या.

प्रयोगशाळा सगळ्यात वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली. तिथे एक जुना इन्क्युबेटर, म्हणजे जिवाणूंना ऊब देणारी लोखंडी पेटी. तिच्यावर एक गोल बटण, बटणाखाली आकडे, आणि बटणाचा काटा सदतीसवर. आतला काचेचा तापमापक केव्हाच फुटला होता. नव्याची मागणी मी केली होती, ती कुठल्यातरी टेबलावर सुखाने नांदत होती.

या प्रयोगशाळेचे खरे मालक होते आमचे परिचर. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो, अगदी प्राचार्यसुद्धा. भामरागडच्या पलीकडच्या एका गावातले. शिपाई म्हणून लागले, नळ्या धुता धुता केस पांढरे झाले, आणि येत्या जानेवारीत निवृत्त होणार होते. नळी फोडलेली मी त्यांच्या हातून एकदाही पाहिली नाही. माझ्या हातून त्यांनी इतक्या पाहिल्या की ते मला काचेच्या वस्तू देताना दोन्ही हातांनी द्यायचे.

माझं काम अडलं होतं. कडं बसू न देणारं काहीतरी मला हवं होतं, आणि जे बाजारात मिळतं ते परवडण्यासारखं नव्हतं. एकदा भाऊंच्या बोटाला कापलं. दुसऱ्या दिवशी त्यावर तपकिरी लेप.

"हे काय भाऊ?"

"साल हाय मॅडम. आमच्या इकडे जखमेले हेच लावतेत. माही माय लावे, तिची माय लावे. पिकत नाई जखम."

कुठल्या झाडाची, ते मी इथे सांगणार नाही. उद्या कुणीतरी तिच्या कॅप्सूल काढेल आणि डब्यावर पिसं लावून नाचणाऱ्या माणसाचं चित्र छापेल. भाऊ पुढच्या सुटीत गावाला गेले आणि पिशवीभर साल घेऊन आले. झाडाला विचारून आणली, म्हणाले. आमच्या विद्यापीठाच्या नैतिक समितीपेक्षा झाडाने परवानगी लवकर दिली.

मे महिन्यात मी प्रयोग लावला. दोन रांगा. एका रांगेतल्या नळ्यांत जिवाणू आणि सालीचा अर्क, दुसऱ्या रांगेत नुसते जिवाणू. ही दुसरी रांग म्हणजे कंट्रोल. सकाळी अकराला नळ्या इन्क्युबेटरमध्ये ठेवायच्या, मी बल्लारपूरला जायचं, पाचला परत येऊन बघायचं. जाताना भाऊंना एकच सूचना: "भाऊ, नळ्यांवर लक्ष ठेवा. नुसत्या जिवाणूंच्या नळ्या तर जपाच, ते मरता कामा नयेत." भाऊ म्हणाले, "चिंता नका करू."

पहिल्या दिवशी संध्याकाळी मी अर्कवाल्या नळीतला थेंब काचपट्टीवर घेतला, डोळा लावला आणि स्टुलावरून उठून उभीच राहिले. लांबच लांब धागे! एकाही जिवाणूला चिमटा नाही. कंट्रोलचा थेंब बघितला: छान आखूड कांड्या, काही मधोमध चिमटलेल्या, सुखी संसार. मी पुन्हा लावला प्रयोग. तेच. तिसऱ्यांदा, तेच. मला रडू आलं आणि मी भाऊंना सांगितलं, "तुमच्या आईच्या सालीनं कमाल केली." त्यांनी मान डोलावली. त्यांना त्यात काही नवल वाटलं नाही, ते म्हणाले, "ते तं आमाले ठावं होतं."

गाईड सरांना मात्र फारच नवल वाटलं. एरवी माझा प्रबंध त्यांच्या टेबलावर चहाचा कप ठेवायच्या कामी यायचा. आता ते "आपलं संशोधन" म्हणू लागले. स्थानिक पेपरात बातमी आली, जंगलातल्या सालीत दडलंय औषध, अशा थाटाची. सोबत फोटो, सर सूक्ष्मदर्शकात बघताहेत. सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद होता, हे पेपर वाचणाऱ्यांना कळायचं कारण नव्हतं. बातमीत मी "एक विद्यार्थिनी" होते. भाऊ नव्हतेच.

जुलैत नागपूरला जाऊन कड्याचे फोटो काढायचे ठरले. जायच्या आधी एकदा खात्री म्हणून मी प्रयोग लावला. अर्कवाल्या नळीत आखूड, गुबगुबीत, आनंदी जिवाणू. एकाचे दोन, दोनाचे चार. साल जणू त्यांना खाऊ म्हणून घातली होती. मी पुन्हा केलं. पुन्हा केलं. धागे गायब.

मी ठरवलं, साल जुनी झाली. दुसरं काही मनात आणायची माझी तयारीच नव्हती. नवी साल हवी तर भामरागडकडचा रस्ता पाण्याखाली. पर्लकोटा नदी पुलावरून वाहत होती, भाऊंच्या गावाशी आठ आठ दिवस फोनही लागत नव्हता. सर रोज विचारायचे, "फोटो कधी?" मी रोज म्हणायचे, "पूर उतरला की सर." जिवाणूच्या विभाजनावरचं संशोधन नदीच्या पातळीवर अवलंबून असलेली मी जगातली बहुधा एकटीच संशोधक असेन. ऑक्टोबरात रस्ता सुरू झाला, भाऊ गेले, ताजी साल घेऊन आले. तिचाही काही उपयोग झाला नाही. जिवाणू मजेत तुटत होते.

नोव्हेंबरच्या एका सकाळी मी भाऊंना समोर बसवलं. म्हटलं, मे महिन्यात काय काय केलं ते अगदी पहिल्यापासून सांगा.

त्यांनी सांगितलं, आणि मोठ्या कौतुकाने सांगितलं.

"तुम्ही बल्लारपूरले गेल्या का मी पेटी पाहो. लय तापे ना ती. बाहेरून हात लावला तं चटका बसे. तुमाले सांगतलं होतं मी, तुम्ही म्हणाल्या सदतीस हाय. मंग मी इचार केला, औषधवाल्या नळ्यायले काही होत नाई, त्यायच्यात साल हाय. पण ह्या दुसऱ्या बिचाऱ्या उघड्या. एवढ्या उनात कशा तगतीन? तुम्ही म्हणलं होतं ना, मरू देऊ नका. म्हणून मी त्या रोज सरांच्या केबिनमंधी नेऊन ठेवो, कूलरजवळ. पाचच्या आंधी परत पेटीत. एकबी मेली नाई."

इन्क्युबेटर तापवतो, थंड करत नाही. चंद्रपूरच्या मे महिन्यात स्लॅबखालची ती खोलीच पंचेचाळीसला पोचलेली असायची, मग पेटीच्या बटणावर सदतीस असलं काय आणि सात असलं काय. त्या उष्णतेत कडं नीट बसत नाही आणि जिवाणूंचे धागे होतात, हे मी स्वतः परीक्षेला लिहून आले होते. सालीने काहीच केलं नव्हतं. जे केलं ते उन्हाने केलं. आणि कंट्रोलच्या नळ्या तेवढा वेळ कूलरच्या हवेत, ओल्या वाळ्याच्या वासात, सरांच्या कोपराशी आराम करत होत्या. सर तीन आठवडे त्यांच्या शेजारी बसून होते. त्यांनी एकदाही विचारलं नाही की या नळ्या इथे कशाला.

मला राग आला. खोटं कशाला बोलू, भाऊंचा आला. माझी इतकी वर्षं यांनी कूलरजवळ नेऊन ठेवली, असं वाटलं. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी केबिनचं दार लावलं. मग म्हणाले, "मे महिन्याचे आकडे आहेत ना? तेच लिहा. कोण उन्हाळ्यात इथे तपासायला येणार आहे?" मी नाही म्हटलं. त्यात माझा फार मोठेपणा नव्हता, मला पकडलं जायची भीती वाटत होती. तेव्हा त्यांनी दुसरा रस्ता काढला, आणि मान्य करायला हवं की तो चांगला गुळगुळीत होता. आणखी एक मुदतवाढ मिळू शकत होती, कारण योग्य असेल तर. वीज जाणं हे योग्य कारण. पूर येणं योग्य. कर्मचाऱ्याची चूक, हे तर फारच योग्य. उमेदवाराची चूक मात्र चालत नाही. म्हणजे परिचराने लेखी द्यायचं की माझ्या निष्काळजीपणामुळे प्रयोग फसला, कॉलेज त्याला मेमो देणार, मला वर्ष मिळणार.

"पण भाऊ जानेवारीत निवृत्त होताहेत. मेमो असेल तर त्यांचे पेन्शनचे कागद अडकतील."

"अडकतील काही महिने. सुटतात नंतर," सर म्हणाले. "तुमची नोंदणी एकदा गेली की सुटत नाही."

मी तो कागद टाइप केला. हे मी इथे लिहिते आहे कारण ते मी केलं. चांगल्या शुद्ध मराठीत टाइप केला, "माझ्याकडून अनवधानाने" वगैरे. भाऊ कुठलाही कागद समोर आला तर सही करत, हे मला माहीत होतं. प्रिंट काढून मी प्रयोगशाळेत गेले तेव्हा ते सूक्ष्मदर्शकाचं भिंग मऊ कापडाने पुसत होते.

मी कागद ठेवला. त्यांनी खिशातून पेन काढलं. चष्मा नव्हता, म्हणून विचारलं, "हे कायचं हाय मॅडम?"

आता हे सांगायचं तर कंट्रोल म्हणजे काय, हे सांगावं लागणार होतं. मी सांगू लागले. दोन रांगा का लावतो. दोन्हींत सगळं सारखं ठेवायचं, फक्त साल एकीत, म्हणजे फरक पडला तर तो सालीमुळेच पडला हे कळतं. मग मला काय वाटलं कोण जाणे, मी एक काचपट्टी तयार केली आणि त्यांना म्हटलं, बघा. इतकी वर्षं जे भिंग ते पुसत आले होते त्यातून ते पहिल्यांदा बघत होते. कुणी कधी म्हटलंच नव्हतं, बघा. मीही नाही.

ते बराच वेळ वाकून राहिले. "हे मधात बारीक झालेले काय हायेत?"

"एकाचे दोन होताहेत. तिथं आत एक कडं असतं, ते आपल्याला यातून दिसत नाही. पण उन्हानं ते बिघडतं. मग ते लांब होत जातात, तुटत नाहीत."

भाऊ सरळ झाले. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. त्यांना समजायला एक मिनिट लागलं. मला ते सांगायला इतकी वर्षं लागली होती.

"म्हणजे दोघायलेबी सारखंच ऊन पाह्यजे होतं," ते म्हणाले. "अन् मी एकाले सावली देली."

"हो."

"मंग हे मले पयले काऊन नाई सांगतलं मॅडम? सांगतलं असतं तं मी कायले नेलो असतो?"

हे आणा, ते धुवा, इथे ठेवा, यापलीकडे त्या खोलीत कुणी त्यांच्याशी कामाचं बोललं नव्हतं. का, ते सांगायची कुणाला गरजच वाटली नव्हती, कारण परिचराला कशाला सांगायचं? पेटी तापते हे त्यांनी मला सांगितलं होतं, आणि मी त्यांना बटणावरचा आकडा दाखवला होता. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी खिडकीकडे बघत राहिले.

भाऊंनी कागद पुढे ओढला. "तुमचं इतक्या वर्साचं काम गेलं ना माह्यानं. कुठी सही करू?"

मी कागद काढून घेतला. म्हटलं, "यावर तुमची नाही लागत. माझी लागते."

मुदतवाढीच्या अर्जात कारणाच्या रकान्यात मी लिहिलं की कंट्रोल म्हणजे काय हे उमेदवाराने प्रयोगशाळेत समजावून सांगितलेले नव्हते, आणि पेटीच्या तापमानाबद्दल मिळालेली सूचना उमेदवाराने ऐकली नाही. सरांनी ते वाचलं, अर्ज माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "हौस आहे तुम्हाला." विद्यापीठाचं उत्तर एका ओळीचं आलं. कारण समर्थनीय नाही, नोंदणी रद्द. इतकं वेळेवर विद्यापीठाने माझं दुसरं कुठलंही काम केलेलं मला आठवत नाही.

जानेवारीत भाऊंचा निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, आणि जे त्यांच्याशी कधी धड चार वाक्यं बोलले नव्हते त्या सगळ्यांची भाषणं. सरांनी त्यांच्या काटेकोरपणाचं तोंडभरून कौतुक केलं. भाऊ प्रयोगशाळेतली प्रत्येक वस्तू पोटच्या पोरासारखी जपत, असं म्हणाले. ते खरंच होतं. मी तिसऱ्या रांगेत बसून जोरात टाळ्या वाजवल्या.

कार्यक्रमानंतर भाऊ व्हरांड्यात भेटले. नारळ एका हातात, शाल खांद्यावरून घसरलेली. माझी नोंदणी गेल्याचं त्यांना कळलं होतं, कॉलेजात शिपायांना सगळं आधी कळतं. मला वाटलं ते त्याबद्दल काही बोलतील, आणि मी त्यांना काय सांगायचं ते मनात जुळवत होते. ते म्हणाले, "मॅडम, माह्या जागी आता नवीन पोरगी येणार हाय. तिले पयल्याच दिवशी बसवून सांगजा. काय करायचं ते तं कोणीबी सांगन. काऊन करायचं ते तुम्ही सांगजा."